एका सेकंदाचा फोटो

१

कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो कुणीतरी हातानं, सावकाश, जाणूनबुजून बंद करून ठेवला होता.

विशाखानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, साडीच्या पदराला पुसलं आणि पुन्हा लावून बघितलं. शटरच्या पात्या स्वच्छ होत्या. गंज नाही, बुरशी नाही, पस्तीस वर्षांच्या मानानं तेलही फारसं आटलेलं नाही. फक्त पात्यांना ओढणारी स्प्रिंग जागेवर नव्हती. तुटली असती तर तुकडा राहिला असता, निसटली असती तर खुंटीवर ओरखडा दिसला असता. यातलं काहीच नव्हतं. मग चिमट्याला आतल्या कोपऱ्यात कागदाची बारीकशी पुडी लागली.

पुडीत स्प्रिंग होती, गंजू नये म्हणून तेलाचं बोट लावून ठेवलेली. कागद एका लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा होता. हळद लागून पिवळा पडलेला, आणि त्यावर छापलेलं एवढंच उरलं होतं: ‘चि. सौ. कां. महानंदा’.

नांदेडला वजिराबादेत एका जिन्याखाली तिचं दुकान होतं. पाटीवर ‘भीमा कॅमेरा दुरुस्ती’. भीमा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी पाटी बदलावी असं तिला कधी वाटलं नाही. पोटापाण्यासाठी ती दुकानांतले सीसीटीव्ही आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे कॅमेरे दुरुस्त करायची. पण रोलचा जुना कॅमेरा कुणी आणला की बाकीची गिऱ्हाइकं खुशाल ताटकळत बसोत.

हा कॅमेरा तर दोन डोळ्यांचा होता. वरच्या भिंगातून फोटोग्राफरनं बघायचं, खालच्यातून रोलवर उमटायचं. असला कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघतात. आठ दिवसांपूर्वी अहमदपूरच्या एका शाळेतल्या बाई, गीतांजली मॅडम, तो कापडी पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. टेबलावर ठेवताना त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडं केलं होतं.

“माझ्या वडिलांचा आहे. सुदाम फोटोवाले, शिरूर अनंतपाळचे. मागच्या वर्षी वारले,” त्या म्हणाल्या होत्या. “ताई, खरं सांगते, हसू नका. आमच्या गावात म्हणतात, हा कॅमेरा माणसाचा जीव ओढतो.”

विशाखा हसली नव्हती. जुन्या वस्तूंबद्दल लोक काय काय बोलतात ते तिनं पुष्कळ ऐकलं होतं.

“कुणाचा ओढला?”

“महादेवप्पांचा. नातीच्या लग्नात अण्णांनी त्यांचा फोटो काढला आणि दोन तासांत म्हातारे गेले. त्या दिवसानंतर आमच्या स्टुडिओची पायरी कुणी चढलं नाही. अण्णा नंतर बाजारात बसून स्टोव्ह दुरुस्त करायचे.” मॅडमनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. “आईसुद्धा तेच मानते. आता ती फार थकलीय. म्हणते, डोळे मिटायच्या आधी मला एकदाच सांगा, माझ्या नवऱ्यानं माणूस मारला का.”

तेव्हा विशाखाला हे दुरुस्तीचं काम वाटलं होतं. आता पत्रिकेचा तो कोपरा हातात धरून ती विचार करत बसली. कॅमेऱ्यात रोल आहे हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि काळ्या पिशवीत हात घालून, चाचपडत तो काढून डब्यात बंदही केला होता. आकडा सातावर थांबलेला होता. बारापैकी पाच फोटो शिल्लक असताना सुदामनं कॅमेरा कायमचा मिटला होता.

आणि वेगाचा काटा एका सेकंदावर होता, म्हणजे शटर पूर्ण सेकंदभर उघडं राहिलं होतं. लग्नात एका सेकंदाचा फोटो कुणी काढत नाही.

२

रविवारी ती एसटीनं अहमदपूरला गेली.

सरस्वतीबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, आवाज मात्र खणखणीत. समोरच्या भिंतीवर सुदामचा फोटो होता, हार घातलेला. घरात दुसऱ्या कुणाचाही फोटो नव्हता, मुलीच्या लग्नाचासुद्धा.

“आणलाव का त्येला?” त्यांनी आधी दाराकडं बघितलं.

“नाही मावशी, दुकानात आहे. आधी तुम्हाला विचारायचं होतं.”

“इचार. मी काय लपवून ठेवलं न्हाई. लपवलं ते त्यानं.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी सुदाम संध्याकाळी घरी आला, कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत बसला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तो कॅमेरा कपड्यात गुंडाळून. माळ्यावर टाकला. तोवर गावात बोभाटा झालाच होता.

“मी इचारलं, लोकं म्हणून राहिले ते खरं हाय का. तर गप. पायावर डोकं ठेवून इचारलं, तरी गप. खोटं असतं तर माणूस न्हाई म्हणाला असता का न्हाई, तूच सांग.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पस्तीस वर्सं एका घरात राहिले, पर मान वर करून त्येच्या डोळ्यात बघितलं न्हाई. भ्या वाटायचं. मरताना त्यानं पाणी मागितलं, ते बी पोरीनं पाजलं.”

गीतांजली मॅडम खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. आधार कार्डाच्या फोटोच्या वेळी आईला चार जणांनी धरून नेलं होतं आणि नंतर ती तीन दिवस तापानं फणफणली होती, हे त्यांनी जाताना जिन्यात सांगितलं.

“महादेवप्पा कसे होते तब्येतीनं?” विशाखानं विचारलं.

“चांगला धडधाकट म्हातारा. हां, गुडघे धरलेले. मांडी घालता येत न्हवती. मठात सगळे खाली बसायचे, पंगतीला बी, अन् अप्पाला तेवढी खुर्ची. पोरं हसायची.” त्या एकदम विशाखाकडं वळल्या. “तू त्येला दुरुस्त करायलीस. तुला काय झालं न्हाई ना अजून?”

विशाखानं मान हलवली. पण त्यांच्या त्या ‘अजून’नं तिच्या पाठीतून बारीकसा काटा सरकून गेला, हे तिला नाकारता आलं नाही.

३

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर नरसिंगचा डिजिटल स्टुडिओ होता. तीन काचेची दारं, आत थंड हवा, भिंतीवर हसणारी जोडपी. पस्तीस वर्षांपूर्वी हाच नरसिंग शिरूरला सुदामच्या समोरच टपरीत फोटो काढायचा. सुदामचं दुकान बसलं आणि याचं उभं राहिलं. संशय घ्यायला एवढं पुरे होतं, आणि विशाखानं तो घेतलाच होता.

“सुदामचा कॅमेरा?” नरसिंगनं चहा मागवला. “विकायला काढला का मॅडमनं? मी घेतो. इथं काचेत ठेवतो. लोक बघायला येतील.”

“तुम्हाला भीती नाही वाटत काका?”

“मी भिलो असतो तर धंदा केला असता का?” तो हसला. “खरं सांगू का, त्या वक्ताला मीच पाटी लावली होती टपरीवर. ‘येथे फोटो काढल्यास आयुष्य वाढते.’ लई चालली. आता वाईट वाटतं. सुदाम समोरून जायचा, पाटी वाचायचा, अन् मलाच रामराम घालायचा.”

“कॅमेरा कुणी उघडला होता का नंतर? तुम्ही?”

“मी? ताई, त्या माणसाच्या कॅमेऱ्याला हात लावायची माझी लायकी न्हवती. माझे कॅमेरे तोच दुरुस्त करून द्यायचा.” नरसिंगचं हसू विरलं. “एक गोष्ट मात्र मला अजून कळली न्हाई. त्या दिवशी सकाळी माझा फ्लॅश भाड्यानं नेला होता त्यानं. म्हणाला, सहा फोटो मांडवात, बाकीचे घरात, घरात लई अंधार हाय. सांजच्याला परत आणून दिला. म्हणाला, घरात लागला न्हाई. आता अंधाऱ्या माजघरात फ्लॅश कसा लागत न्हाई?”

विशाखाच्या हातातला कप तसाच राहिला. काटा एका सेकंदावर का होता ते आता कळलं. कुणीतरी फ्लॅश मारू दिला नव्हता.

“त्या दिवशी नक्की काय झालं, तुम्ही होता का तिथं?”

“जेवायला होतो की. अप्पा माजघरात बसलेले. ताप हाय म्हणून सूनबाई कुणाला जवळ जाऊ देत न्हवती, लांबूनच पाया पडा म्हणायची. वरात निघायच्या वक्ताला नवरी आत गेली, आज्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, अन् किंचाळली.” नरसिंगनं आवाज खाली आणला. “आत्ता पाच मिनिटांखाली गेलेला माणूस, अन् अंग लाकडावानी कडक. तेव्हाच तर लोकांना पटलं. रोगानं गेलेला माणूस असा होत असतो व्हय? कॅमेऱ्यानंच ओढला म्हणून असा झाला.”

नरसिंग ही गोष्ट गेली पस्तीस वर्षं सांगत होता आणि ऐकणारे अंगावर काटा आणून ऐकत होते. आपण काय सांगतोय याचा हिशोब मात्र कुणीच लावला नव्हता.

४

रोल धुण्याचं काम तिनं सोमवारी सकाळी घेतलं. बुद्धवंदना झाली, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि ती मागच्या मोरीएवढ्या खोलीत शिरली. वडिलांनी ही खोली कधी मोडू दिली नव्हती, आणि तिलाही ते जमलं नव्हतं.

जुन्या रोलाला धुकं चढतं. सगळंच पुसलं गेलेलं असेल अशी मनाची तयारी तिनं केली होती. पहिले सहा फोटो खरंच करपट आले. मांडवातली माणसं, वाजंत्री, अक्षता. सातवा मात्र टिकला होता. इतरांपेक्षा गडद, कारण त्याला उजेड जास्त वेळ मिळाला होता.

निगेटिव्ह वाळल्यावर तिनं लाल दिवा लावला, कागदावर सातवा फोटो पाडला आणि कागद तबकातल्या औषधाच्या पाण्यात सोडला. नुसतं पांढरं. मग मधोमध काहीतरी काळसर दिसायला लागलं.

आधी चष्मा आला. दोन काचा, दोन्हींत खिडकीचे चौकोन. मग कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे, एकेक रेघ मोजता यावी असे. मिशीचे केस, शालीची किनार. एक म्हातारा माणूस पाण्याखालून सरळ तिच्याकडं बघत होता. चष्म्यामागचे डोळे तेवढे दिसत नव्हते.

मग त्याच्याभोवती बाकीचे उमटले, आणि विशाखा दोन पावलं मागं सरकली.

कुणाला तोंडच नव्हतं. नवरीच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका फराटा, त्यात मुंडावळ्या तेवढ्या ओळखू येणाऱ्या. नवरदेवाला दोन नाकं. मागं उभ्या असलेल्या बायका धुरासारख्या, एकीतून दुसरी दिसणाऱ्या. एका पोराची नुसती टोपी, खाली काही नाही. भुतांच्या घोळक्यात एक जिवंत माणूस बसवावा तसा तो फोटो होता.

तिनं चिमट्यानं कागद उचलला. उमटलेलं पक्कं करणाऱ्या दुसऱ्या तबकातल्या औषधात तो बुडवला. लाल दिवा घालवून साधा लावला, खुर्ची ओढली आणि वडील म्हणायचे तसं आधी भीती बाजूला ठेवून कारण शोधायला बसली.

एक सेकंद. एका सेकंदात माणूस श्वास घेतो, पापणी हलवतो, तोल सांभाळतो. तो कितीही स्तब्ध बसला तरी जरासा पुसट येतोच. मग या सगळ्यांत एकच माणूस असा दगडावर कोरल्यासारखा का?

तिनं भिंग घेऊन म्हाताऱ्याला खालपासून वरपर्यंत तपासलं. शालीखाली पाय दिसत होते. मागं मानेजवळ, भिंतीच्या खुंटीकडं गेलेली कापडाची एक पट्टी होती.

महादेवप्पा मांडी घालून बसले होते.

५

शिरूर अनंतपाळला लक्ष्मम्मांचं घर शोधावं लागलं नाही. महादेवप्पांची सून म्हटल्यावर कुणीही दाखवलं. ओसरीवर त्या एकट्याच तूर निवडत बसल्या होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पंच्याहत्तरीतही ताठ कणा. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं मराठी बोलताना शब्दांची टोकं जरा वळायची.

“फोटोचं इचारायला आलीस? फोटो निघालाच न्हाई अव्वा. रोल जळाला. सुदामनंच सांगितलं.”

“तुम्हाला सांगितलं?”

“सगळ्या गावाला.”

विशाखानं पिशवीतून पाकीट काढलं, पण उघडलं नाही. “मावशी, तुमच्यात माणूस गेल्यावर त्याला बसवतात ना?”

सूप थांबलं.

“बसवतात. आडवं न्हाई नेत आम्ही. मांडी घालून, सजवून, बसलेलाच नेतो, बसलेलाच मातीत ठेवतो. शिवाची बैठक हाय ती.”

“आणि हे लवकर करावं लागतं.”

“लगेच,” त्या म्हणाल्या. “अंग आखडलं की मग मांडी होत न्हाई.” बोलून गेल्यावर त्यांनी वर बघितलं.

विशाखानं फोटो काढून त्यांच्या पुढ्यात तुरीवर ठेवला. लक्ष्मम्मांनी हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

“मी फक्त कॅमेरे दुरुस्त करते मावशी. पण कॅमेऱ्यानं माणूस मारला म्हणतात, म्हणून बघावं लागलं,” विशाखा हळू बोलत होती. “हा फोटो पूर्ण एक सेकंद चालला. त्यात सगळे हलले, अप्पा नाही हलले. अप्पांचे गुडघे धरले होते, पंगतीत त्यांना खुर्ची लागायची. इथं ते मांडी घालून बसलेत. जिवंत माणसाला जी मांडी घालता येत नव्हती, ती त्यांना आता दुखली नाही. तुमच्या मुलीनं गुडघ्यावर डोकं ठेवलं तेव्हा ते लाकडासारखे कडक होते. माणूस असा पाच मिनिटांत होत नाही, त्याला काही तास जावे लागतात. आणि अंधाऱ्या माजघरात तुम्ही फ्लॅश मारू दिला नाही, कारण त्या उजेडात चष्म्यामागचे डोळे सगळ्यांना दिसले असते.” ती थांबली. “अप्पा फोटोनंतर गेले नाहीत. आधीच गेले होते. लग्न लागायच्याही आधी.”

ओसरीवर चिमण्या तूर टिपायला उतरल्या होत्या. लक्ष्मम्मांनी त्यांना हाकललं नाही.

“सकाळी नवाला,” त्या म्हणाल्या. “चहा घेऊन गेले तर गेलेले. झोपेतच. तोंडावर हसू होतं.” त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. “मांडव भरलेला. बाराचा मुहूर्त. आमच्यात सूतक धरत न्हाईत, बसवण्णांनी सोडवलंय आम्हाला त्येच्यातून. पर लोकांच्या तोंडातून कोण सोडवणार? महानंदाचं आधी एकदा मोडलं होतं. नवऱ्याची आत्या दारात पाय ठेवल्यापासून अपशकून शोधत होती. पोरीच्या कपाळी लागलं असतं, हळदीच्या अंगानं आज्याला खाल्लं म्हणून. मग कोण केलं असतं तिला?”

“म्हणून तुम्ही त्यांना बसवलं.”

“एकटीनं. दार लावून. मान पडू नये म्हणून खुंटीला पट्टी बांधली. आमच्या सासूला बसवलं होतं, चुलत्याला बसवलं होतं. हातानंच केलं, डोस्क्याला इचारलं न्हाई. मांडी घातली तवा ध्यानात बी आलं न्हाई की अप्पाला मांडी येत न्हवती.” पहिल्यांदा त्यांचे ओठ कापले. “वरात गेली की सांगणार होते. तर पोर पाया पडायला आत गेली.”

“आणि कॅमेऱ्याचं?”

त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला.

“ती आत्या माझ्या पोरीकडं बोट करून बोलायला लागली. माझ्या तोंडातून निघालं, माझी पोर न्हाई, त्या कॅमेऱ्यानं खाल्लं. सुदाम तिथंच होता, सामान बांधत. एक शब्द बोलला असता तर सगळं बाहेर आलं असतं.”

“त्यांना माहीत होतं?” विशाखानं विचारलं, पण उत्तर तिच्याकडं होतं. दुसऱ्या कॅमेऱ्यांत बटण दाबलं की क्षणभर अंधार होतो. या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात वरची काच उघडीच राहते. तो पूर्ण सेकंद सुदाम खाली मान घालून बघत होता. सगळे हलत होते, एक हलत नव्हता. एका सेकंदाचा फोटो कुठलाही जाणता फोटोग्राफर दोनतीनदा काढतो. सुदामनं एकदाच काढला आणि पुढं रोल फिरवलाच नाही.

“फोटो निघाला अन् त्यानं वर बघितलं,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “माझ्याकडं. मी कायबी बोलले न्हाई. त्येनं हात जोडले. मला न्हाई, अप्पाला. मग सांजच्याला मी ते बोलले तवा बी माझ्याकडंच बघितलं, अन् कॅमेरा उचलून गेला.”

त्यांनी आता फोटो उचलला. पुसट नवरीवर अंगठा ठेवला.

“तिला तीन नातवंडं हायेत आता. उदगीरला सुखात हाय. मी दर सणाला सुदामच्या घरी जायचं ठरवायची, अन् चौकातनं माघारी यायची. घाबरायची. त्येला न्हाई, त्येच्या बायकोला.”

विशाखा उठली. तिला राग आला होता आणि दयाही आली होती, आणि कुठली आधी बोलून दाखवावी ते कळत नव्हतं. “सरस्वतीमावशींना मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “पण माझ्या तोंडून ऐकणं वेगळं. अहमदपूरला बाराची गाडी आहे.”

६

बुधवारी कॅमेरा चालू झाला. स्प्रिंग पुडीतून काढून जागेवर बसवली तेव्हा ती अशी बसली, जणू कालच काढली होती. विशाखाला राहून राहून त्या माणसाचं नवल वाटत होतं. फोटो नकोच असता तर मागचं झाकण सेकंदभर उघडलं असतं तरी रोल गेला असता. जगाला दाखवायचा असता तर अर्ध्या तासात धुऊन झाला असता. त्यानं दोन्ही केलं नाही. पुरावा जपून ठेवला, आणि पुन्हा कधी वापरता येऊ नये म्हणून कॅमेराही मिटून ठेवला. कधीतरी कुणीतरी उघडेल एवढाच काय तो त्याचा भरवसा.

ती अहमदपूरला पोचली तेव्हा दारात जुनी वहाण दिसली. लक्ष्मम्मा जमिनीवर बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. त्यांचं सांगून झालं होतं. गीतांजली मॅडमचे डोळे लाल होते. सरस्वतीबाई पलंगावर सरळ बसल्या होत्या आणि समोरच्या हारातल्या फोटोकडं बघत होत्या. थेट, मान वर करून.

“मला सांगितलं असतं तर?” त्या कुणालाच उद्देशून बोलल्या नाहीत. “मी कुणाला बोलले असते व्हय?” मग जरा वेळानं स्वतःच म्हणाल्या, “बोलले असते. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, त्येला ठाव होतं.”

लक्ष्मम्मा पुढं सरकल्या, त्यांच्या पायाला हात लावायला. सरस्वतीबाईंनी पाय आत घेतले.

“तू बस तिथंच. च्या घेतल्याबगर जाऊ नको. पर पायाला हात लावू नको, आज न्हाई.” मग त्यांनी विशाखाकडं बघितलं. “आणलाव का त्येला?”

“आणलाय मावशी.”

“मग काढ माझा.”

गीतांजली मॅडम काही बोलायला गेल्या, पण आईनं हातानंच गप्प केलं. पदर सारखा केला. खिडकीजवळ स्टूल ठेवून त्यावर बसल्या, हात मांडीवर. खोलीत उजेड बेताचाच होता. फ्लॅश विशाखाच्या पिशवीत होता, पण तो काढावासा तिला वाटला नाही. कॅमेरा स्टँडवर लावला, काटा एका सेकंदावर नेला आणि मान खाली घालून काचेत बघितलं. सुदामनं बघितलं होतं तसंच.

“हलू नका मावशी,” ती सवयीनं म्हणाली आणि कळ दाबली.

शटर उघडलं. आत बारीक चाकं गुरगुरली. काचेतली म्हातारी आधी ताठ होती. मग तिची हनुवटी थरथरली, खांदे उचलले गेले, आणि पस्तीस वर्षं दाबून धरलेलं रडू त्या एका सेकंदात वर आलं. चाकं थांबली तरी ते थांबलं नाही.

दोन दिवसांनी विशाखानं फोटो पाठवला. त्यात स्टूल स्पष्ट होतं, खिडकी स्पष्ट होती, आणि सरस्वतीबाईंचा चेहरा असा फराटलेला की ओळखू येऊ नये. तिनं सोबत चिठ्ठी लिहिली होती, की पुसट आलाय, पुढच्या रविवारी येऊन फ्लॅशवर नीट काढून देते, पैसे नकोत.

रविवारी तिला जायची गरज पडली नाही. गीतांजली मॅडमचा फोन आला. आईनं तो फोटो चौकटीत बसवून घेतला होता आणि सुदामच्या फोटोसमोरच्या भिंतीवर, अगदी त्याच्या नजरेला नजर येईल असा लावला होता. मॅडमनी समजावून बघितलं होतं, की आई, यात तुझं तोंडच दिसत नाही, दुसरा चांगला काढू.

“हाय तसाच राहू दे,” सरस्वतीबाई म्हणाल्या होत्या. “मी हलले, हे त्येला दिसू दे.”